अनुभव नाही, तरी स्वतःची गाडी घेऊ का?

या महिन्यात मालवाहतुकीच्या धंद्याबद्दल बरीच पत्रं आली, त्यातली चार इथे घेतलीत. पैशाचा आणि घरातला विषय आहे म्हणून नावं कुणाचीच छापत नाही.

प्रश्न : मी जुन्नर तालुक्यातला, वय ३१. चाकणला एका कंपनीत डिस्पॅचला कॉन्ट्रॅक्टवर आहे. रोज गाड्या भरून जाताना बघतो आणि वाटतं की आपलीही एक गाडी पाहिजे. २०१७ मॉडेलची दहाचाकी १८ लाखांना बघून ठेवलीय. माझ्याकडे ५ लाख आहेत, बाकी १३ लाखांचं फायनान्स, चार वर्षं, हप्ता ३६ हजार. ड्रायव्हर ठेवणार आणि नोकरी सांभाळून मी लक्ष देणार. गाडी दाखवणारा दलाल म्हणतो चाकण-नागपूर लाइनला खर्च वजा जाता महिन्याला ५० हजार सुटतात. मला स्वतःला अनुभव काहीच नाही, कारचं लायसन्स आहे. घेऊ का?

उत्तर : दादा, ही गाडी आत्ता घेऊ नका. धंद्यात पडू नका असं मी म्हणत नाहीये, नीट वाचा. धंद्यात या, पण या गाडीने आणि या पद्धतीने नको.

आधी तुमच्याच लाइनचा हिशोब मांडू. चाकण ते नागपूर ७०० किलोमीटर धरा. भरलेली दहाचाकी लिटरला ४ चं ॲव्हरेज देते, रिकामी साडेपाच धरू, डिझेल ९० रुपये. जाताना ३८ हजार भाडं मिळालं असं समजा. जायचं डिझेल १५,७५०. आता नागपूरहून माल मिळाला नाही आणि गाडी खाली, म्हणजे रिकामी, आली तर यायचं डिझेल साधारण साडेअकरा हजार. दोन्हीकडचा टोल, ड्रायव्हरचा भत्ता, दलाली, वाटेतलं किरकोळ मिळून ८ हजार. म्हणजे एवढं १४०० किलोमीटर पळून हातात उरले २,८००.

हीच गाडी परतीला भरून आली, भाडं कमी का असेना, २६ हजार धरा, तर दोन्ही भाड्यांचे मिळून ६४ हजार, डिझेल ३१,५००, बाकी खर्च वाढून १३ हजार, आणि उरले साडेएकोणीस हजार.

बघा, गाडी तीच, रस्ता तोच, फरक फक्त परतीच्या भाड्याचा. आता महिन्याला अशा पाच फेऱ्या झाल्या आणि पाचही वेळा रिटर्न मिळालं असं धरू, जे पहिल्या वर्षात होत नाही, तर उरले साडेसत्त्याण्णव हजार. त्यातून हप्ता ३६, ड्रायव्हरचा पगार २०, विमा, परमिट आणि पासिंगचे (आरटीओच्या तपासणीचे) महिन्याला बाजूला काढायचे ८, टायरसाठी ८, ऑइल, ग्रीस, कमानपाटा, बॅटरी असली कामं धरून ८. झाले ८०. राहिले साडेसतरा हजार. आणि पाचपैकी एक फेरी, फक्त एक, खाली आली तर महिन्याच्या शेवटी हातात हजार रुपयेसुद्धा राहत नाहीत. दोन खाली आल्या की हप्ता खिशातून. दलाल जे ५० हजार म्हणतो ना, तो टायर आणि विमा धरतच नाही, ड्रायव्हरचा पगारही बहुतेक विसरलेला असतो. तुमचे आकडे थोडे वेगळे असतील, पण कागद घेऊन स्वतः मांडा, कुणाच्या तोंडी हिशोबावर १३ लाखांची सही करू नका.

म्हणून मी सगळ्यांना एकच सांगतो, गाडी बघायच्या आधी भाडं बघा. आणि जायचं भाडं बघायच्या आधी यायचं बघा. तुम्ही डिस्पॅचला आहात म्हणजे चाकणहून माल कुठे जातो हे तुम्हाला कुणाहीपेक्षा चांगलं माहितीय, ही मोठी जमेची बाजू आहे. पण नागपूरला, इंदूरला, हैदराबादला तुम्हाला ओळखणारा ट्रान्सपोर्टवाला कोण? कुणी नाही. मग ड्रायव्हर तिथे ट्रान्सपोर्टनगरात दोन-तीन दिवस गाडी लावून बसणार आणि तुम्ही इथून फोनवर "मिळालं का काही" एवढंच विचारणार. उभ्या गाडीचाही हप्ता सुरूच असतो.

नोकरी सांभाळून लक्ष देणार म्हणता, त्याचीच मला जास्त काळजी वाटते. पहिली गाडी दुसऱ्याच्या हातात देऊन ज्याला स्वतःला धंदा माहीत नाही त्याने घरून चालवायची, हे फार कमी लोकांना जमलंय. ड्रायव्हर वाईट असतात म्हणून नाही, चांगले ड्रायव्हर खूप आहेत. पण डिझेल किती लागायला पाहिजे, टायर कशाने कापला, माल खाली करायला खरंच दोन दिवस लागले का, हे मालकाला स्वतःला कळत नसेल तर चांगला ड्रायव्हरसुद्धा वैतागतो, कारण खरं सांगूनही त्याच्यावर संशय घेतला जातो, आणि तो सोडून जातो.

लायसन्सचं म्हणाल तर तुमच्या कारच्या लायसन्सवर दहाचाकी चालवता येणार नाही. पण सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय की एलएमव्ही, म्हणजे तुमच्याकडे आहे त्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर साडेसात टनांपर्यंतचं मालवाहू वाहन चालवता येतं. साडेसात म्हणजे गाडी अधिक माल मिळून, आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, ग्रॉस वजन लिहिलेलं असतं ते बघायचं. यात चौदा फुटी आयशर आणि टाटा ४०७ सारख्या बऱ्याच गाड्या बसतात, पिकअप तर बसतातच. म्हणजे तुम्ही स्वतः स्टिअरिंगवर बसू शकता, आणि तुम्ही तर नारायणगावच्या जवळचे! टोमॅटोचा एवढा मोठा बाजार दारात आहे, ओतूर-आळेफाट्याचा कांदा आहे, वाशी मार्केट एका रात्रीच्या अंतरावर आहे. संध्याकाळी भरायचं, माळशेजने किंवा पुण्यावरून उतरायचं, बाजार सुरू व्हायच्या आत गाळ्यावर पोचायचं. यातही त्रास आहे, पावसाळ्यात माळशेजला दरड पडली की गाडी अडकते आणि भाजी उशिरा पोचली की भाव पडलेला असतो, मग आडत्या आणि शेतकरी दोघं तुमच्याकडे बघतात. पण हप्ता लहान, फेरी लहान, रोज घरी, आणि परतीला वाशी-भिवंडीहून किराणा, खाद्यतेल, प्लॅस्टिकचा माल आपल्या भागातल्या दुकानदारांसाठी मिळू शकतो, ते दुकानदार तुमच्या ओळखीचेच असणार. त्यांना आधी जाऊन भेटा. गाडी नंतर.

शिवाय लहान गाडीचा विमा बघा, साडेसात टनांपर्यंत नुसता थर्ड पार्टीचा वर्षाचा हप्ता १६ हजारांच्या आसपास आहे, तुमच्या दहाचाकीला तोच ४४ हजारांच्या घरात, वर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा वेगळा. नॅशनल परमिट घेतलं तर त्याची वर्षाची फी १६,५०० अधिक ऑथरायझेशनचे हजार. राज्यातच चालवणार असाल तर ते लागतच नाही, महाराष्ट्राचं परमिट पुरतं. तीन टनांपर्यंतच्या ग्रॉस वजनाच्या मालगाडीला तर परमिटच लागत नाही.

हे करत असतानाच हेवीचं लायसन्स काढून ठेवा. एलएमव्हीला एक वर्ष झालेलं असलं की ट्रान्सपोर्टचं शिकाऊ लायसन्स मिळतं, मान्यताप्राप्त मोटर ट्रेनिंग स्कूलचं सर्टिफिकेट लागतं. आणि शक्य असेल तर ओळखीच्या चांगल्या ड्रायव्हरबरोबर केबिनमध्ये बसून एक लांबची ट्रिप करा, सुट्टी टाकून. मी हे ज्याला ज्याला सांगितलं त्यातल्या काहींनी गाडी घ्यायचा विचार सोडला आणि काहींनी जास्त जोमाने घेतली, दोन्ही बरोबरच. त्या ट्रिपमध्ये काय दिसतं? गोडाऊनच्या गेटवर रांग लागलेली असते, सिक्युरिटीवाला आत सोडत नाही, दुपारी जेवणाची सुट्टी, मग हमाल दुसऱ्या गाडीवर, मग संध्याकाळी स्टोअरवाला म्हणतो उद्या या. शेवटी माल उतरतो, पोचवर, म्हणजे माल पोचल्याच्या पावतीवर, सही-शिक्का द्यायच्या वेळी तो एक गोणी उचलून खालून हात लावतो आणि म्हणतो ही भिजलीय, आणि पोचवर पेनाने "१ गोणी ओली" लिहून देतो. झालं, ती एक ओळ तुमच्या बॅलन्समधून, म्हणजे राहिलेल्या भाड्यातून, कापली जाणार. ताडपत्री कुठे फाटली होती, रस्सी कुठे ढिली होती हे त्या दिवशी जे कळतं ते कुठल्या क्लासमध्ये कळत नाही.

आता जुनी गाडी बघणारच असाल, मोठी असो की लहान, तर काही गोष्टी. सकाळी लवकर, इंजिन थंड असताना जा, मालकाला आधी चालू करून ठेवायला सांगू नका. बॉनेटला हात लावून बघा गरम आहे का. चालू केल्यावर ऑइलचं झाकण काढा, तिथून धुराचा भपकारा जोरात येत असेल तर इंजिनचं काम जवळ आलंय. गाडीखाली आडवं पडून चासीचे दोन्ही बीम पुढून मागपर्यंत बघा, कुठे वेल्डिंगचा नवा रंग, जाड पट्टी मारलेली दिसली तर तिने एकतर ओव्हरलोड खाल्लाय किंवा ॲक्सिडेंट. चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासा आणि तो आरसीशी एकेक आकडा जुळवा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३२१ असेल तर २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर, म्हणजे मालक "गेल्या वर्षी टाकलेत" म्हणत असला तरी वय तिथेच लिहिलेलं आहे. रिमोल्ड, म्हणजे जुन्या टायरवर नवं रबर चढवलेले, असतील तर ते वाईट असं नाही, मागच्या ॲक्सलला सगळे वापरतात, पण भाव त्याप्रमाणे पाडा. दहाचाकीचा नवा रेडियल टायर २० हजारांच्या पुढे आहे, दहा टायर म्हणजे दोन लाख, हे विसरू नका. तुमच्या १८ लाखांत ते दोन लाख धरलेच नसणार.

कागद बघताना सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर नंबर टाकून टॅक्स, फिटनेस, परमिट, विमा, आणि गाडीवर कुणाचा बोजा आहे ते बघा. ई-चलान वेगळं बघा, काही गाड्यांवर एवढी चलानं साचलेली असतात की नाव बदलायच्या वेळी डोळे पांढरे होतात. बोजा असेल तर फायनान्स कंपनीची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ट्रान्सफरचे फॉर्म २९ आणि ३० वर सही त्याच दिवशी घ्या, "नंतर करू" नाही. परराज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसीही लागेल.

वयही बघा. आठ वर्षांपर्यंत फिटनेसची तपासणी दोन वर्षांनी असते, त्यापुढे दरवर्षी, म्हणजे २०१७ ची गाडी दरवर्षी पासिंगला उभी राहणार, त्याच्या आधी रंग, लाइट, ब्रेक, सगळं करून. नॅशनल परमिट सहाचाकीला १२ वर्षांपर्यंतच मिळतं, दहाचाकी आणि त्याहून मोठ्या मल्टीॲक्सलला १५. बरेच लोक दहा वर्षांची सहाचाकी चार वर्षांच्या हप्त्यावर घेतात आणि हप्ते संपायच्या आधी परमिट संपतं. आणखी एक, २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या ट्रकवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झालाय, नवीन गाडी स्वस्त झाली तर जुनीचा भाव जुन्या हिशोबाने का द्यायचा? भाव करताना हे बोला.

आणि पाच लाख आहेत म्हणून पाचही डाउन पेमेंटला घालू नका. निदान चार-पाच हप्ते आणि दोन टायर एवढे पैसे बँकेत ठेवून मग जे उरतं तेवढ्याची गाडी. ट्रान्सपोर्टवाल्याकडून भाड्याचे पैसे महिना-दीड महिन्यानेही येतात, फायनान्सवाला पाच तारखेला येतो, यातच नवे गाडीमालक बुडतात. धंदा होत नव्हता म्हणून नाही, धंदा होत होता आणि पैसे हातात नव्हते म्हणून.

प्रश्न : जालन्याहून लिहितोय. माझी एक सहाचाकी आहे, घेऊन वर्ष होत आलं. सळई भरतो, पुणे आणि सोलापूर बाजूला. एका ट्रान्सपोर्टकडे माझा तीन ट्रिपांचा बॅलन्स दोन महिन्यांपासून अडकलाय, कधी म्हणतात पोच मिळाली नाही, कधी म्हणतात माल कमी भरला म्हणून पार्टीने शॉर्टेज कापलं. भरताना ते पासिंगपेक्षा (आरसीवरच्या वजनापेक्षा) जास्त भरायलाही लावतात, नाही म्हटलं तर पुढचं भाडं देत नाहीत. खाली करताना हमालीचे पैसेही आमच्याकडूनच. काय करू?

उत्तर : दादा, ओव्हरलोडचं आधी, कारण ते सगळ्यात महागाचं आहे. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या सुधारणेनंतर ओव्हरलोडला २० हजार आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार दंड आहे. तीन टन जादा भरले की २६ हजार, आणि जादा माल तिथेच उतरवल्याशिवाय गाडी सोडायची नाही असा कायदा आहे. वजनकाट्यावर न्यायला नकार दिला तर ४० हजार. तीन टनांचं जादा भाडं तुम्हाला किती मिळतं? आणि २०१८ पासून सहाचाकीचं पासिंग १६.२ वरून साडेअठरा टन झालंय, जुन्या आरसीवर कमी लिहिलेलं असेल तर आरटीओत विचारून घ्या, पण आरसीवर आहे तेवढंच भरायचं. सळईवाल्याला हे सांगायला जड जातं मला माहीत आहे. तरी सांगा. कमानपाटे, टायर, ब्रेक तुमचे जातात, त्याचं काही जात नाही, आणि घाटात ब्रेक लागला नाही तर पुढचं मी लिहीत नाही.

बॅलन्ससाठी पुढच्या ट्रिपपासून हे करा. भरल्यावर काट्याची पावती, उतरल्यावर काट्याची पावती, दोन्हीचे फोटो. पोचवर सही-शिक्का झाला की ड्रायव्हरने तिथेच उभं राहून फोटो काढून ट्रान्सपोर्टच्या व्हॉट्सॲपवर टाकायचा, खाली "मूळ पोच कुरिअरने पाठवतोय, बॅलन्स एवढे बाकी" असं लिहून. मग पोच मिळाली नाही हे कुणी म्हणू शकत नाही. भाडं, ॲडव्हान्स, बॅलन्स किती दिवसांत, गाडी उभी राहिली तर हॉल्टिंग दिवसाला किती, शॉर्टेज किती किलोपर्यंत सोडणार, हमाली कुणाची, हे भरायच्या आधी मेसेजवर ठरवून घ्या. फोनवरचं बोलणं नंतर कुणाला आठवत नाही. हमालीबद्दल "ज्याचा माल त्याचा हमाल" ही मागणी गाडीमालक कितीतरी वर्षांपासून करतायत आणि ती रास्त आहे, पण गेटवर एकटा ड्रायव्हर भांडू शकत नाही, म्हणून ते आधीच लिहून घ्यायचं.

आणि उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, केलीय का? फुकट होते, ऑनलाइन. लघुउद्योगांच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या छोट्या सेवा देणाऱ्याचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर चक्रवाढ व्याज, आणि त्याची तक्रार ऑनलाइन करता येते. मात्र नोंदणी आधीची पाहिजे, म्हणून आजच करून टाका, अडकलेल्या तीन ट्रिपांना तिचा उपयोग होईलच असं नाही. त्या तीन ट्रिपांसाठी बिल्टी (ट्रान्सपोर्टने माल भरताना दिलेली पावती) आणि पोचच्या कॉपी घेऊन वकिलाची साधी नोटीस पाठवा. आणि चौथी ट्रिप त्यांची भरू नका. जालन्यात सळईच्या मिल खूप आहेत, एकाच ट्रान्सपोर्टवर अवलंबून राहू नका.

प्रश्न : माझे मिस्टर पाच आठवड्यांपूर्वी हार्ट अटॅकने गेले. सहाचाकी गाडी आहे, हप्ते दोन वर्षांचे बाकी आहेत. ड्रायव्हर जुना आणि विश्वासू आहे, तो म्हणतो वहिनी गाडी बंद करू नका. सासरचे म्हणतात विकून टाक. मला यातलं काहीच माहीत नाही. सातारा जिल्हा.

उत्तर : ताई, तुमच्यावर काय आलंय ते कळतंय. विकायचं की ठेवायचं याची घाई आत्ता नको, पण काही कागदांना मुदत आहे, ते आधी.

आरसीचा मालक गेला की वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करायचा अर्ज द्यायचा असतो. परमिटचंही तसंच. तुमचे ३० दिवस उलटून गेलेत, तर उद्याच मृत्यूचा दाखला आणि साधा अर्ज घेऊन जा, अजून उशीर करू नका, आणि ही नोंद होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका. विम्याची पॉलिसी मृत्यूच्या तारखेपासून जास्तीत जास्त तीन महिने चालते, त्याआधी ती तुमच्या नावावर झाली पाहिजे, नाहीतर अपघात झाला तर सगळं तुमच्या अंगावर येईल.

फायनान्स कंपनीत जाऊन कर्जाची फाइल मागा आणि स्पष्ट विचारा, कर्जाबरोबर यांचा जीवनविमा काढला होता का. बऱ्याच कर्जांना तो जोडलेला असतो, हप्त्यातच त्याचे पैसे गेलेले असतात आणि घरच्यांना पत्ताही नसतो. असेल तर उरलेलं कर्ज त्यातून फिटू शकतं. गाडीच्या पॉलिसीतलं १५ लाखांचं मालकाचं अपघात कव्हर मात्र अपघातालाच असतं, ते इथे लागू होणार नाही.

मग तीन महिने गाडी चालवून बघा, पण हिशोब तुमच्या हातात घेऊन. फास्टॅगला लिंक असलेला मोबाइल नंबर बदलून तुमचा टाका. प्रत्येक टोलला मेसेज येतो, त्यात नाका आणि वेळ असते, म्हणजे गाडी कुठे आहे हे ड्रायव्हरला फोन न करता तुम्हाला दिसेल. एक वही करा, प्रत्येक ट्रिपला एक पान, भाडं, ॲडव्हान्स, डिझेल किती लिटर, टोल, भत्ता, बॅलन्स. मिस्टरांच्या फोनमधले ट्रान्सपोर्टवाल्यांचे मेसेज नीट बघा, कुणाकडे त्यांचा बॅलन्स बाकी आहे ते सगळं लिहून काढा आणि मागा, लाजू नका, ते तुमचेच पैसे आहेत. तीन महिन्यांनी वहीत हप्ता आणि टायरचे पैसे जाऊन काही उरताना दिसलं तर ठेवा. नाही दिसलं तर विका, तेव्हा नाव तुमचं झालेलं असेल आणि भावही चांगला येईल, आत्ता घाईत विकली तर लोक पाडून मागतील. आणि तो ड्रायव्हर खरंच जुना आणि चांगला असेल तर त्याचा पगार एक दिवसही उशिरा देऊ नका.

प्रश्न : मुलगा १९ वर्षांचा आहे, लगेच हेवी लायसन्स काढून गाडी घ्यायची म्हणतो. आणि जीएसटी, इन्कम टॅक्स किती लागतो?

उत्तर : ट्रान्सपोर्ट वाहनासाठी वय २० पूर्ण लागतं, तोवर थांबा आणि त्याला कुणाच्या तरी गाडीवर क्लीनर म्हणून काम शिकू द्या. स्वतः बिल्टी न काढता ट्रान्सपोर्टला गाडी भाड्याने लावणाऱ्या मालकाला त्या भाड्यावर जीएसटी नाही. इन्कम टॅक्सला दहापर्यंत गाड्या असतील तर ठोक हिशोबाची सोय आहे, १२ टनांपर्यंतच्या गाडीला महिन्याला साडेसात हजार उत्पन्न धरतात, त्यापुढच्या मोठ्या गाडीला ग्रॉस वजनाच्या प्रत्येक टनामागे महिन्याला हजार. दहापर्यंतच गाड्या असल्याचं डिक्लेरेशन पॅनसह ट्रान्सपोर्टला दिलं की ते टीडीएसही कापत नाहीत. ते डिक्लेरेशन पहिल्याच भाड्याला द्या, नंतर कापलेले पैसे रिटर्न भरून परत मिळवावे लागतात.